पेडलाच्या पोटांतील अकरा भाग

पायपेटी म्हटली कीं महाराष्ट्रीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाच्या रंगभूमीसमोरचा ऑर्गन उभा राहतो आणि दोन्ही पायांनीं भाता हालविणारा वादकहि दिसूं लागतो. विजेवर वाजणार्‍या गिटारची पायपेटी निराळी. तिच्यांत भाता नाहीं, सूर नाहींत, पट्ट्याहि नाहींत. हाताच्या तळव्याएवढी, फार तर ताटलीएवढी, अशी ती धातूची एक डबी असते. तारेच्या कंपनानें गिटारमध्यें उत्पन्न झालेला दुबळा विद्युत्प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातां जातां या डबींतून जातो. आणि वादकानें वरची कळ पायानें दाबली कीं स्वराची जात पालटते. या डबीला सर्वत्र 'पेडल' असेंच म्हणतात, आणि येथेंहि तेंच नांव सोयीचें.

हीं पेडलें उघडावीं, आंतील भाग काढून त्यांच्या जागीं दुसरे बसवावे, आणि मनाजोगता नाद निघतो कीं काय तें पाहावें, हा छंद आज जगभर पसरलेला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानांपुढें घुटमळणार्‍या तरुणांतहि त्याचे उपासक असतात. छंद वरवर स्वस्त दिसतो. चार-दोन रुपयांचा रेझिस्टर, थोडें सोल्डर आणि एक रिकामी दुपार, एवढेंच त्याचें भांडवल. तथापि त्यांत पैसा बुडतो, आणि कधीं कधीं पुन्हां न मिळणारी जुनी वस्तुहि बुडते. त्याचें कारण बहुधा एकच असतें. कोणता भाग 'उत्तम' हें हौशी माणूस विचारतो. त्या जागीं मंडलाला त्या भागाकडून काय काम हवें आहे, हें विचारीत नाहीं.

प्रथम त्या नादाविषयीं थोडेंसें. गिटारचा मूळ स्वर स्वच्छ असतो, आणि पेडलाचें काम पुष्कळदां तो बिघडविण्याचेंच असतें. ख्यालगायनावर वाढलेल्या कानांना हें चमत्कारिक वाटेल, परंतु वाटूं नये. तंबोर्‍याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात ती कशासाठीं? निव्वळ स्वच्छ स्वर कोरडा लागतो म्हणूनच. घोडीच्या किंचित्‌ उताराला स्पर्श करीत तार कंप पावते, मूळ स्वरावर वरचे स्वयंभू स्वर उमटतात, आणि तंबोरा भरून बोलूं लागतो. पेडलांत त्याच जातीचें काम विजेकडून करून घेतात, मात्र फार दांडगेपणानें. विद्युल्लहरीचा माथा कापला कीं तिच्यांत मूळ स्वराच्या पटींतले वरचे स्वर मिसळतात. गिटारचा टणत्कार लांबतो, घोगरा होतो आणि गुरगुरतो.

या गुरगुरण्याची प्रसिद्धि अपघातानें झाली. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचें 'डोन्ट वरी' हें गाणें १९६१ सालीं गाजलें. तें नॅशव्हिल येथें मुद्रित होत असतां यंत्रसामग्रींतील एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचे स्वर फाटक्या आवाजांत उमटले. ते तसेच ठेवण्यांत आले. पुढच्याच वर्षीं हा बिघाड डबींत भरून विकत मिळूं लागला: १९६२ सालचें 'मेस्ट्रो फझ-टोन' हें तें पेडल. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स मंडळीच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यांत कीथ रिचर्ड्सनें तें वाजविलें, आणि मग प्रत्येक तरुण वादकाला फाटका आवाज हवासा झाला.

लंडनमध्यें आयव्हर आर्बिटर यांच्या कारखान्यांतून १९६६ सालीं निघालेलें 'फझ फेस' हें या घराण्यांतलें सर्वांत प्रसिद्ध अपत्य. मायक्रोफोनच्या उभ्या दांडीला खालीं जी वाटोळी जड बैठक असते, तिच्यावरून म्हणे त्याचा आकार सुचला. वर दोन बटणें डोळ्यांसारखीं, म्हणून नांवांत 'फेस', म्हणजे चेहरा. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखालीं तें आल्यावर त्याची कीर्ति कायमची झाली. सुटे भाग बदलण्याच्या छंदाला याहून चांगला धडा मिळणार नाहीं. कारण त्याच्या पोटांत भाग आहेत ते सारे अकरा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि बटणांखालचे दोन फिरते रेझिस्टर. एवढा मोठा चेहरा आणि आंत आगपेटीएवढी पट्टी! नवीन मालकानें झांकण उघडलें कीं त्याची प्रथम निराशाच होते.

या अकरांचा संसार असा चालतो. गिटारचा प्रवाह पहिल्या ट्रान्झिस्टरकडे येतो. तो त्याला वाढवून दुसर्‍याकडे देतो, आणि दुसरा आणखी वाढवितो. दुसर्‍याकडचा थोडा प्रवाह १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्याकडे परत जातो. म्हणजे दोघेहि एकमेकांना धरून उभे असतात. एक हालला कीं दुसरा हालतो. बॅटरी ९ व्होल्टची असल्यामुळें लहर त्यापलीकडे वाढूं शकत नाहीं, आणि वाढूं पाहिली कीं तिचा माथा कापला जातो. माथा आणि तळ दोन्ही नीट कापले जावे यासाठीं, गिटार न वाजवितां दुसर्‍या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मोजलेला दाब साडेचार व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोन टोकांच्या मधोमध, असावा लागतो. तो एका टोकाकडे सरकला तर लहर एकाच बाजूनें लौकर कापली जाते, हलका स्वर गिळला जातो, आणि लांबलेला स्वर विरण्याऐवजीं चरचरून तुटतो. कांहीं वादकांना तेंहि आवडतें. परंतु आवडून तसें ठेवणें निराळें, आणि भाग बदलल्यावर नकळत तसें होणें निराळें.

आतां नांवांचा मोह पाहावा. आरंभीच्या फझ फेसमध्यें न्यूमार्केट कंपनीचे 'एनकेटी २७५' या नांवाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. कांहींत 'एसी १२८' या जातीचेहि आढळतात. ते दिवस गेले, जर्मेनियमची जागा सिलिकॉननें घेतली, आणि जुने ट्रान्झिस्टर अडगळींतून बाहेर येऊन मोत्यांच्या भावानें विकले जाऊं लागले. मागणी आली तेथें लबाडीहि आली. मूळ अक्षरें पुसून वर प्रसिद्ध नांव छापलेले तुकडे बाजारांत आले. पण लबाडी बाजूला ठेवली तरी नांवावरून खात्री पटत नाहीं, ही खरी अडचण आहे. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकाच कारखान्यांत एकाच आठवड्यांत झाले तरी जुळे निघत नसत. एक प्रवाह साठ पट वाढवी, तर त्याच नांवाचा शेजारचा दीडशें पट. म्हणूनच त्या काळचीं दोन फझ फेस पेडलें एकसारखीं बोलत नाहींत. एक गोड असतें, दुसरें नुसतें भसाडें. हेंड्रिक्सचा साहाय्यक रॉजर मेयर हा पूर्वी ब्रिटिश नौदलखात्यांत ध्वनि आणि कंपनें यांच्या शास्त्राचें काम करणारा माणूस. तो अशीं पेडलें पारखून व दुरुस्त करून हेंड्रिक्सला देत असे. जगानें नांव लक्षांत ठेवलें, पारख विसरली.

ही पारख करण्याची एक सोपी रीत आर. जी. कीन या अमेरिकन अभियंत्यानें छंदिष्टांत लोकप्रिय केली. तिला लागतें काय, तर ९ व्होल्टची बॅटरी, २.२ मेगओहमचा एक रेझिस्टर, सुमारें २.४७ किलोओहमचा दुसरा, आणि घरोघरीं असतें तसें व्होल्ट मोजण्याचें मीटर. लहान रेझिस्टर कलेक्टरच्या वाटेंत ठेवावयाचा आणि त्यावरचा दाब वाचावयाचा. बेसला कांहींच जोडलेलें नसतां मीटरनें शून्य दाखवावें. पण जर्मेनियम तसें करीत नाहीं. दार लावलें तरी फटींतून पाणी झिरपावें तसा थोडा प्रवाह झिरपतोच. तो आंकडा लिहून ठेवावा. मग मोठा रेझिस्टर बेसला लावला कीं सुमारें ४ मायक्रोअँपिअर प्रवाह आंत जातो आणि मीटरचा आंकडा वाढतो. दोन आंकड्यांतल्या अंतराला शंभरानें गुणलें कीं खरें वर्धन हातीं आलें. समजा, पहिला आंकडा ०.३० व्होल्ट आणि दुसरा १.१५, तर वर्धन ८५. गळतीचा विचार न करतां मोजणारा भोळा गृहस्थ त्याला ११५ म्हणून घेऊन जाईल आणि घरीं जाऊन डोकें धरून बसेल. कीन यांच्या मतें पहिल्या जागीं सत्तर-ऐंशींच्या आसपासचा आणि दुसर्‍या जागीं ११० ते १३० चा ट्रान्झिस्टर शोभतो. हे आंकडे जुळले तर नांव कोणतेंहि चालतें. जुन्या, मोडीत निघालेल्या ट्रान्झिस्टर-रेडिओच्या पोटांतला 'एसी १२८' सुद्धां कीर्तिमान्‌ 'एनकेटी'च्या पंक्तीला बसतो, आणि कधीं त्याला मागेंहि टाकतो.

मोजतांना एक गंमत होते. ट्रान्झिस्टर चिमटींत धरला असतां बोटांच्या ऊबेनेंच मीटरचा आंकडा चढूं लागतो. तो टेबलावर ठेवून चार-पांच मिनिटें स्वस्थ बसावें, तेव्हां कोठें आंकडा स्थिर होतो. जर्मेनियमची गळती उष्णमान दर ८ ते १० अंशांनीं वाढलें कीं जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे २० अंशांवर जुळविलेल्या पेडलांत ४० अंशांवर गळती चौपट किंवा त्याहूनहि अधिक. लंडनच्या गारठ्यांत गोड बोलणारें पेडल आपल्याकडे वैशाखाच्या दुपारीं मांडवाखालीं कां घोगरतें, याचा उलगडा यांत आहे. असें पेडल ज्या हवेंत वाजावयाचें त्या हवेंत जुळवावें लागतें. ८.२ किलोओहमच्या ठराविक रेझिस्टरऐवजीं तेथें लहानसा फिरता रेझिस्टर बसवून साडेचार व्होल्ट पुन्हां साधतां येतात. अकरा भागांतली ही अदलाबदल सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत गुणकारीहि हीच.

या कटकटीला कंटाळून आर्बिटरच्या कारखान्यानेंहि साठोत्तर दशकाच्या अखेरीस सिलिकॉनचे 'बीसी १०८' सारखे ट्रान्झिस्टर वापरण्यास आरंभ केला. सिलिकॉनमध्यें गळती नाहींच म्हटली तरी चालेल, आणि वर्धन मात्र चारशें-पांचशें पट. तेव्हां जर्मेनियम काढून सिलिकॉन बसविणें ही केवळ अदलाबदल राहत नाहीं. ती घराची फेरबांधणी ठरते. जुने जर्मेनियम बहुधा पीएनपी जातीचे असतात आणि त्यांच्या मंडलांत बॅटरीचें धन टोंक जमिनीला जोडलेलें असतें. 'बीसी १०८' एनपीएन जातीचा. त्याच्यासाठीं बॅटरी उलटी करावी लागते, आणि ज्या कपॅसिटरांना धन-ऋण बाजू असते तेहि उलटवावे लागतात. पायांचा क्रमहि नांवागणिक बदलतो. सपाट बाजू समोर धरली असतां '२एन३९०४' चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, तर 'बीसी ५४७' चे नेमके उलटे. दुकानदार 'एकच आहे, साहेब' म्हणून देतो, आणि एका अर्थीं तें खरेंहि असतें. पण घरीं आणून तसाच बसविला तर पेडल मुकें होतें. शिवाय धन टोंक जमिनीला असलेलें जुनें पेडल इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरवर जोडलें तर एकाचें धन दुसर्‍याच्या ऋणाशीं सरळ भिडतें. अशा पेडलाला स्वतंत्र बॅटरीच बरी.

सिलिकॉनचा आवाज अधिक धारदार आणि अधिक दणकट. जर्मेनियमच्या पेडलांत गिटारवरचें आवाजाचें बटण थोडें मागें घेतलें कीं गुरगुर ओसरून स्वर हळूहळू निवळत जातो. सिलिकॉनमध्यें हें निवळणें तितकें सहज साधत नाहीं. आणखी एक खोड अशी कीं फार वरच्या कंपनांचेंहि वर्धन करण्याची त्याची शक्ति मोठी असल्यामुळें गिटारची लांब तार एरियलसारखी वागूं लागते आणि मधूनच जवळच्या नभोवाणी केंद्राचा कार्यक्रम ध्वनिवर्धकांतून ऐकूं येतो. नभोवाणीच्या चाहत्यांना यांत दोष दिसणार नाहीं. वादकाला मात्र दिसतो. त्यावर उपाय म्हणजे कलेक्टर आणि बेस यांच्यामध्यें शेंदोनशें पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर. अकराचे बारा होतात, पण बातम्या थांबतात.

कपॅसिटरांची गोष्ट याहून सरळ आहे, कारण तेथें गणित आधीं बोलतें. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला ८२ कंपनांचा. फझ फेसच्या तोंडाशीं २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, आणि त्यापुढें मंडलाचा अडथळा कांहीं किलोओहमचाच. तो ५ किलोओहम धरला तर सुमारें १५ कंपनांपासून वरचे सारे स्वर आंत जातात. म्हणजे खर्जाला मुळींच अटकाव नाहीं. हा खर्ज आंत जाऊन फाटतो तेव्हां आवाज गढूळ होतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. तेथें ०.२२ मायक्रोफॅरड घातला कीं सीमा १४५ च्या आसपास येते आणि खर्ज आवरतो, ०.१ घातला तर सीमा ३०० च्या वर जाऊन आवाज किरकिरा होण्याचा संभव. येथें त्याच मूल्याचा साधा तुकडा आणि सोन्याच्या भावाचा नांवाजलेला तुकडा यांत कानाला फरक शोधीत बसण्यापेक्षां मूल्य बदलून पाहावें. फरक शेजारच्या खोलींतल्या माणसालाहि कळतो. मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा, आंतून सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणें हा छंद नव्हे, ती दुरुस्ती आहे, आणि ती करण्यांत पावित्र्यभंग मानण्याचें कारण नाहीं.

दुसर्‍या एका प्रसिद्ध पेडलाची हकीकत याच्या अगदीं उलट आहे. जपानमध्यें तयार झालेलें आयबानेझचें 'ट्यूब स्क्रीमर' १९७९ च्या सुमारास निघालें, आणि १९८२ पासून त्याची 'टीएस ९' ही आवृत्ति बाजारांत आली. पहिल्या आवृत्तींत 'जेआरसी ४५५८' ही चिप असे. नंतरच्यांत कधीं ती, कधीं दुसरी. जुन्या आवृत्तीचा आवाज अधिक मऊ, अशी ख्याति झाली आणि सारें श्रेय त्या चिपच्या पदरांत पडलें. हजारों वादकांनीं चिप उपटून जुन्या छापाची चिप बसविली. आतां त्या मंडलांत चिपचें वर्धन तिच्या स्वतःच्या अंगच्या शक्तीवर ठरतच नाहीं. चिपची शक्ति हजारों पटींची. पण तिच्याभोंवतींच्या रेझिस्टरांनीं तिला लगाम घातलेला असतो, आणि बटण पूर्ण फिरविलें तरी ती सुमारें ११८ पटींवर थांबते. लगाम तोच असेल तर घोडा बदलल्यानें चालींत पडणारा फरक अल्पच. दोन आवृत्त्यांत नोंद घेण्याजोगा फरक बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दोन रेझिस्टरांत होता: पहिल्यांत १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसर्‍यांत ४७० ओहम आणि १०० किलोओहम. त्या दोन तुकड्यांची किंमत चहाच्या एका पेल्याएवढीहि नाहीं. उलट त्याच पेडलांतले माथा कापणारे दोन डायोड बदलले तर कोणालाहि कळेल. सिलिकॉनचे डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास लहर कापतात, जर्मेनियमचे ०.३ च्या आसपास, आणि त्यांच्या जागीं तांबडे प्रकाशणारे डायोड घातले तर लहर दीड-पावणेदोन व्होल्टपर्यंत मोकळी वाढते. आवाज मोठा होतो आणि कमी फाटतो.

म्हणजे फझ फेसमध्यें ट्रान्झिस्टर कोणता हें सर्वस्वीं महत्त्वाचें, आणि ट्यूब स्क्रीमरमध्यें चिप कोणती हें जवळजवळ बिनमहत्त्वाचें. कोणत्या मंडलानें भागाच्या अंगच्या स्वभावावर विसंबावें आणि कोणत्यानें त्याला लगाम घालावा, हें रचनाकारानें आधींच ठरविलेलें असतें. तें ओळखल्यावांचून आयर्न तापविणें म्हणजे पत्ता न वाचतां टपाल वाटणें.

कानावर भरंवसा ठेवावा, असें या छंदांतले लोक नेहमीं सांगतात. ठेवावा, परंतु जपून. जो आवाज किंचित्‌ मोठा तोच कानाला अधिक सुरेल वाटतो, ही कानाची जुनी खोड. म्हणून तुलना करण्यापूर्वीं दोन्ही आवाज सारखे मोठे करून घ्यावे, आणि शक्य तर कळ दुसर्‍याच्या हातीं देऊन, कोणता भाग चालूं आहे हें न पाहतां ऐकावें. एका बैठकींत एकच भाग बदलावा. तीन बदलले आणि आवाज सुधारला तर श्रेय कोणाचें, आणि बिघडला तर दोष कोणाचा, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

हाताच्या कौशल्यालाहि येथें मोल आहे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाहीं. सोल्डर करतांना पाय बारीक पकडीनें धरावा, म्हणजे ऊब पकडींत जाते. त्याहून चांगलें म्हणजे पट्टीवर खोबण बसवून ट्रान्झिस्टर तींत नुसते खोंचावे. मग दहा वेळां बदलले तरी पट्टीवरची तांब्याची नाजूक रेघ उचलली जात नाहीं. एकदां ती उखडली कीं साठ वर्षांची वस्तु पांच मिनिटांत भंगारांत जमा होते. आणि ९ व्होल्टच्या पेडलावर धीट झालेला हात काचेच्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत कधींहि घालूं नये. त्यांतल्या कपॅसिटरांत वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ शेंकडों व्होल्ट साठून राहतात, आणि ते माणसाचा जीव घेऊं शकतात.

जाणते कारागीर आणखी एक गोष्ट करतात. पेडल उघडतांच प्रथम त्याचें छायाचित्र घेतात, तिन्ही-चारी जागचे व्होल्ट लिहून ठेवतात, आणि काढलेला प्रत्येक भाग, मग तो कितीहि निकामी दिसो, लहान लखोट्यांत घालून त्यावर जागा व तारीख लिहितात. तो लखोटा बॅटरीशेजारीं त्याच पेडलांत ठेवून झांकण लावतात. फझ फेसच्या पोटांत तेवढी जागा भरपूर असते.